डोक्यावरून नदी, आणि मी एकटी

लेकीला कळा सुरू झाल्याचा फोन पहाटे तीनला आला. ह्यांचे गुडघे धरलेले, मुलगा बेंगलोरला. म्हटलं, आता आपणच निघायचं. उचगावातून तावडे हॉटेलला आले आणि मिळेल ती एसटी धरली. पुण्याला याआधी दहादा तरी गेले असेन, पण एकटी कधीच नाही. स्वारगेटला जावईबापू यायचे, त्यांच्या स्कूटरवर मागे बसलं की झालं!

या खेपेला ते दवाखान्यात. फोनवर म्हणाले, "आई, रिक्षा गर्दीत अडकेल. मेट्रोने या. सिव्हिल कोर्टला गाडी बदला नि येरवड्याला उतरा."

स्वारगेटचं मेट्रो स्टेशन सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं, तेही जमिनीखाली. सरकत्या जिन्यासमोर मी पाच मिनिटं नुसतीच उभी. निऱ्या धरू, पिशवी धरू की कठडा? शेवटी तिथली सुरक्षारक्षक मुलगी म्हणाली, "काकू, तिकडे लिफ्ट आहे." तिकीट म्हणजे कागदाचा तुकडा. त्यावरची चौकोनी नक्षी काचेवर धरली की फाटक उघडतं. बाहेर पडतानाही तो लागतो, म्हणून मी चंचीत जपून ठेवला. एसटीत २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट, इथे मात्र पूर्ण. तरी रिक्षापेक्षा कितीतरी स्वस्त.

तीन डब्यांची गाडी. मंडई, कसबा पेठ आणि मग मुठा नदीच्या खालून सिव्हिल कोर्ट. डोक्यावरून नदी वाहत होती हे मागाहून कळलं ते बरंच झालं!

सिव्हिल कोर्टला जमिनीखालून पार वर, पुलावरच्या फलाटावर जायचं असतं. घाईत समोर आली त्या गाडीत चढले. डेक्कन यायच्या आत शेजारच्या कॉलेजच्या मुलीला विचारलं, "येरवडा कधी यायचं गं?" तर म्हणते, "काकू, ही वनाझला जाते. तुम्ही उलट्या गाडीत बसलाय."

पोटात गोळाच आला. लेक तिकडे अडलेली आणि मी निघाले कोथरूडला! डोळे भरून आले. ती पोर माझ्याबरोबर डेक्कनला उतरली, पलीकडच्या फलाटावर घेऊन गेली. "फाटकाबाहेर पडू नका. रामवाडी लिहिलेली गाडी धरा," एवढं सांगून गेली. नाव विचारायचंही राहिलं.

परतीच्या गाडीत सासूबाई आठवल्या. लग्नानंतर काही वर्षं त्या मुंबईला होत्या. ट्रामने एकटी बाजार करून यायचे, असं सांगायच्या. ती ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. तेव्हा मला ती बढाई वाटायची.

दवाखान्यात पोचले तेव्हा नात होऊन पंधरा मिनिटं झाली होती. लेकीने माझा हात धरला तो सोडेचना. संध्याकाळी ह्यांचा फोन, "स्वारगेटला घ्यायला कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

पलीकडे जरा वेळ शांतच.

चौथ्या दिवशी मंडईतून शेपू आणि खारीक आणली, मेट्रोनेच. जिन्यावर अजून पाय ठेवत नाही. लिफ्ट आहे की!