भीमा-सीनेच्या गोगलगायी

२०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली. पंचनामे झाले, नुकसानभरपाईच्या मागण्या झाल्या आणि गोगलगाय हा एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेला जीव पहिल्या पानावर आला. तेव्हापासून आमच्या सोलापूरकडेही शंख दिसला की ठेचायचा, असा सपाटा चालू झाला आहे. त्यात ओढ्याकाठच्या निरुपद्रवी गोगलगायींचाही निकाल लागतो. पिके खाणारी ती शंखी गोगलगाय जमिनीवरची आणि मूळची पूर्व आफ्रिकेतली. हा लेख तिच्याबद्दल नाही. हिप्परगा, कंबर तलाव, सिद्धेश्वर तलाव, उजनीचा फुगवटा, कालवे आणि भीमा-सीनेचे डोह यांत राहणाऱ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींची नोंद कुणी, कधी, कशी केली आणि ते काम आज कुठवर आले आहे, एवढाच इथला विषय.

सोलापूरला पाणी मुळात कमी. पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. सिद्धेश्वर तलावाचे श्रेय परंपरा बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांना देते. आदिला नदीवरचा एकरुख तलाव, म्हणजे आपला हिप्परगा, १८७१ साली पुरा झाला. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली. त्याआधी उन्हाळ्यात नदीचे डोह, बारवा आणि विहिरी एवढाच पाण्यातल्या जिवांना आसरा होता. त्यामुळे इथली गोगलगाय दोन प्रकारची असते. एक कोरड दिसताच चिखलात शिरून शंखाचे दार लावून घेणारी, आणि दुसरी माणसाने बांधलेल्या पाण्याच्या मागोमाग पसरलेली. कालव्यांचे बारमाही पाणी आणि ऊस आल्यावर या दुसरीचे फावले. जिल्ह्याची गोगलगायींची यादी वाचताना धरणे-तलावांची सालेही शेजारी ठेवावी लागतात, ती यासाठी.

जुन्या काळातही इथे तळी होती, पण ती फारच जुनी. दख्खनच्या लाव्ह्याचे थर साचत असताना, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात खोलगट जागी पाणी साठले, त्यात गोगलगायी राहिल्या आणि पुढच्या लाव्ह्याखाली त्यांचे शंख दगड होऊन टिकले. माल्कमसन या अभ्यासकाने दख्खनमध्ये गोळा केलेल्या अशा शंखांचे वर्णन सोवर्बीने १८४० साली प्रसिद्ध केले. त्यातलाच फायसा प्रिन्सेपी हा आज आंतरलाव्हा थरांची खूणच मानला जातो. पुढे नागपुरात मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप टाकळीच्या आसपासचे शंख जमवत राहिले आणि १८६०च्या लेखात त्यांनी त्यांची शिस्तवार नोंद केली. त्यांच्याच नावाचे कॉलेज नागपुरात आहे. आपल्याकडून जवळ म्हणाल तर कर्नाटकातल्या गुरमटकलला असे थर आहेत. प्रिन्सेपीचा शंख आजच्या फायसांच्या मानाने अवाढव्य होता, पण वळण तेच, डावे.

हे डावे-उजवे नीट समजून घ्यावे, कारण ओळख पटवताना पहिली फांदी इथेच फुटते. शंखाचे टोक वर धरायचे आणि तोंड आपल्याकडे करायचे. तोंड उजव्या अंगाला आले तर शंख उजवा, डाव्या अंगाला आले तर डावा. गंमत अशी की देवघरात मोलाने आणला जाणारा दक्षिणावर्ती शंख या पद्धतीने पाहिला तर डावा ठरतो. शंख धरण्याची रीत वेगळी म्हणून नाव उलट. समुद्रातला असा शंख लाखात एखादा, पण गोड्या पाण्यातल्या फायसांचे सगळे कुळच डावे. फायसा ॲक्यूटा ही परदेशी जात भारतात येऊन रुळली आहे. गटारमिसळ पाण्यातही तिला काही होत नाही. अर्धा-पाऊण इंचाच्या आतला, पातळ, चकचकीत डावा शंख सांडपाण्याच्या नाल्यात दिसला तर आधी तिचाच संशय घ्यावा.

दुसरी फांदी झाकणाची. हिप्परग्याच्या काठावर गुडघाभर पाण्यात उभे राहून दगड उलटे केले की हाताला सहज लागते ती बेलामिया. बोराएवढी किंवा थोडी मोठी, हिरवट तपकिरी, कधी अंगावर गडद पट्टे. हात लागताच ती आत शिरते आणि शिंगासारख्या पदार्थाचे पातळ झाकण तोंडावर ओढून घेते. ती बशीत पाणी घालून ठेवली आणि धीर धरला, तर दहा-पंधरा मिनिटांत झाकण हळूच सरकते, दोन स्पर्शिका बाहेर येतात. उजवी डावीपेक्षा आखूड आणि जाड दिसली तर तो नर. त्याचे जननेंद्रिय त्या स्पर्शिकेतच असते. दोन्ही सारख्या असल्या तर मादी, आणि मादीच्या पोटात बहुधा चिमुकले पूर्ण शंख असतात. ती अंडी घालत नाही, तयार पिल्लेच पाण्यात सोडते. वर्गीकरण म्हणजे मेलेल्या शंखांची मांडणी, असे ज्यांना वाटते त्यांनी हे एकदा पाहावे.

झाकण नसलेल्यांचा गट वेगळा. त्या फुफ्फुसाने श्वास घेतात, म्हणून मधूनमधून पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. लिम्नियाचा शंख पातळ, तोंड मोठे, स्पर्शिका चपट्या त्रिकोणी आणि डोळे त्यांच्या बुडाशी. इंडोप्लॅनॉर्बिस मात्र शंखासारखी दिसतच नाही. ती चकतीसारखी सपाट गुंडाळलेली असते. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, म्हणून चिरडली तर लाल. मधला तिसरा प्रकार पिलाचा. मोठी, गोल, झाकण चुनखडीचे आणि टणक. तिला कल्लाही असतो आणि फुफ्फुसाची पिशवीही. पाणी आटले की ती चिखलात गाडून घेते आणि पावसाची वाट पाहते. बैनी प्रशाद यांनी १९२५ साली पिलावर लिहिलेला प्रबंध पिढ्यानपिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातून गेला. त्याचा एक तोटाही झाला. पिला ग्लोबोसाचे खरे घर उत्तर आणि पूर्व भारतात, दक्षिण पठारावर पिला व्हायरेन्सचा पसारा मोठा. पण पुस्तकात ग्लोबोसा, म्हणून जर्नलमध्ये आलेल्या आपल्याकडच्या कित्येक याद्यांतही सरसकट ग्लोबोसाच. नमुना जपून ठेवलेला नसेल, तर आज ते नाव खरे की खोटे हे ठरवण्याचा मार्गच उरत नाही.

नावांचा इतिहास मोठा रंजक आहे, पण तो सगळा इथे मावणार नाही. ओ. एफ. म्युलर या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाने १७७४ साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या एका लांबट, टोकदार शंखाचे वर्णन केले. तीच आज मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलाटा. हा किनारा कृष्णेच्या मुखाशी सुरू होतो आणि भीमा जाऊन मिळते कृष्णेलाच. म्हणजे आमच्या नदीच्या त्या टोकाला पहिले नामकरण झाले होते. मेलॅनॉइडिस ही भलतीच चिवट. नराची फारशी गरज न लागता तिच्या माद्या पिल्ले काढतात, दिवसा वाळू-चिखलात दडतात आणि रात्री बाहेर येतात. मत्स्यालयांच्या व्यापाराबरोबर ती जगभर गेली. लामार्कने १८२२ साली बंगालची बेलामिया आणि आपली लिम्निया यांना नावे दिली, तर देशेने १८३४ साली प्लॅनॉर्बिस एक्झुस्टसला. त्या एक्झुस्टससाठी इंडोप्लॅनॉर्बिस हे स्वतंत्र कुल १९२१ साली उभे केले नेल्सन ॲनंडेल आणि बैनी प्रशाद यांनी. ॲनंडेल हे १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. त्याच्या आदल्या वर्षी प्रेस्टनचा ब्रिटिश भारताच्या गोड्या पाण्यातल्या मृदुकायांवरचा खंड निघाला होता. प्रेस्टन शंखावरच भागवत, तर ॲनंडेल आतले जनावर आणि त्याची दंतपट्टीही पाहत. माझे मत विचाराल तर भारतातला खरा अभ्यास ॲनंडेलपासून सुरू होतो.

महाराष्ट्रात या कामाची गादी पुण्याला. तोनापी आणि लीला मुळहेरकर यांनी १९६३ साली पुण्याच्या गोड्या पाण्यातल्या मृदुकायांची यादी केली. ही यादी आजही हाताशी ठेवण्यासारखी आहे, कारण जाती कुठल्या पाण्यात मिळाल्या हे त्यांनी लिहून ठेवले. एन. व्ही. सुब्बाराव यांचे १९८९चे हँडबुक देशभरचा आधारग्रंथ झाले. सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्राचे काम आजही आकुर्डीतून चालते, आणि उजनीच्या प्राणिसृष्टीवर संस्थेचे पुस्तक २००२ साली आले. उजनीवर पक्ष्यांसाठी माणसे लोटतात, भिगवणला तर हंगामात गाड्या लावायला जागा मिळत नाही. मुग्धबलाक ज्या शंख-शिंपल्यांवर जगतो त्यांच्याकडे मात्र दुर्बीण वळत नाही. त्याच्या चोचीतली ती फट पिलाचा घास काढायला कशी उपयोगी पडते, हे पाहायला तरी वळावी.

शेतकऱ्याच्या घरात हा विषय पोचतो तो गुरांमार्फत. लिम्निया ही यकृतातल्या पर्णकृमीची मधली यजमान. शेणातून कृमीची अंडी पाण्यात, अंड्यातून निघालेला जीव गोगलगायीत. तिच्यात वाढून बाहेर पडलेल्या अळ्या काठच्या गवतावर कोष करून बसतात आणि ते गवत पुन्हा गुराच्या पोटात. इंडोप्लॅनॉर्बिस त्याहून आतल्या गाठीची. तिच्यातून निघणाऱ्या सिस्टोसोमा या कृमीच्या अळ्या थेट कातडीतून शिरतात. बैलाचे नाक घोरू लागते, नाकात गाठी होतात, श्वास अडतो. हा नाकातला कृमी म्हणजे सिस्टोसोमा नेझेल, १९३३ साली मद्रासमध्ये राव यांनी तो वर्णिला. सांगोल्याच्या बाजारातले खिलार बैल आणि भीमेच्या डोहात तासन्‌तास डुंबणाऱ्या पंढरपुरी म्हशी याच पाण्यात उभ्या असतात. म्हशींत लक्षणे फारशी दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यात कृमी नाहीत असे समजू नये. गोगलगाय नि पोटात पाय, हे इंडोप्लॅनॉर्बिसइतके कुणाला लागू पडत नसेल.

गोगलगायीला कृमीची लागण आहे का, याची तपासणी सोपी आहे. काचेच्या पेल्यात स्वच्छ, क्लोरिन नसलेले पाणी घेऊन त्यात एक गोगलगाय ठेवायची आणि सकाळच्या उजेडात तास-दोन तास थांबायचे. लागण झालेली असेल तर पाण्यात वळवळणारे ठिपके दिसतात. भिंगाखाली शेपटी दुभंगलेली दिसली तर ती सिस्टोसोमाच्या जातीची असण्याचा दाट संभव, सरळ असली तर वेगळ्या कृमीची. त्या पाण्यात बोट घालू नये. नुसत्या अळ्यांनीही माणसाच्या कातडीला खाज सुटते. या अळ्यांचा भारतातला मोठा अभ्यास सेवेल यांचा, १९२२चा. त्यामागे एक भीती होती. इजिप्तमध्ये गोगलगायीतून माणसाला सिस्टोसोमा होतो हे लीपर यांनी १९१५ साली दाखवले होते, आणि पहिल्या महायुद्धातून परतणारे सैनिक तो रोग इथे आणतील असे वाटत होते.

तसा तो पसरला नाही. पण १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी जो शोध जाहीर केला त्याने सगळेच चकित झाले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांच्या लघवीत सिस्टोसोमाची अंडी सापडली. तिथली यजमान कोण, तर फेरिसिया टेनुइस. ही काही मिलिमीटरची, शंखाला वळसाच नसलेली, पानाच्या खाली टोपीसारखी चिकटलेली. जाळीच्या भोकातून निसटणारी आणि यादीत बहुधा न येणारी. भारतात माणसाच्या सिस्टोसोमाची चर्चा निघाली की पहिले नाव गिमवीचे येते.

डीएनए आल्यापासून नावे झपाट्याने बदलत आहेत. बेलामिया हे मुळात आफ्रिकेतल्या शंखांसाठी केलेले कुल. आता बंगालची बेलामिया फिलोपालुडिनात गेली आणि बेलामिया डिसिमिलिस इडिओपोमात. लिम्निया ल्युटिओलाला रेसेसिना म्हणतात. इंडोप्लॅनॉर्बिस एक्झुस्टस ही एकच जात नसून आत अनेक वंश लपले आहेत, असे दिसते आहे. प्रत्येक वंश कृमीला सारखाच आसरा देतो का, हा प्रश्न पशुवैद्यकाच्या दृष्टीने नावापेक्षा मोठा. उलट बाजूला क्रेम्नोकॉन्कसचे उदाहरण आहे. समुद्रकिनाऱ्याच्या खडकांवर राहणाऱ्या घराण्यातले हे शंख फक्त सह्याद्रीच्या ओल्या कड्यांवर, धबधब्यांच्या तुषारांत सापडतात. ब्लॅनफर्डने १८६९ साली हे कुल वेगळे केले. दीडशे वर्षे त्यात तीनच जाती होत्या. २०१३ साली रीड, अरविंद आणि मध्यस्थ यांनी आणखी सहांची भर घातली. ज्या डोंगररांगेत भीमा उगम पावते तिथेच इतके दिवस ते बसून होते. मैदानातले आमचे शंख इतके देखणे नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला असे कुणी आले नाही.

सोलापूरला हवे आहे ते फार खर्चिक काम नाही. एक मिलिमीटर जाळीची चाळणी, भिंग, स्पिरिटच्या बाटल्या आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. तीत गाव, पाणी कालव्याचे की तलावाचे, तारीख, तळ चिखलाचा की दगडाचा. जातीचे नाव नंतर लिहिले तरी चालेल, कारण ते पुढे बदलणारच आहे. जलपर्णीची मुळे चाळणीत झटकली तर गायरॉलससारखे मसुराएवढे सपाट शंख पडतात, ते कुणी मोजत नाही. आपल्या कॉलेजांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, विद्यापीठ आहे, प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुले दरवर्षी येतात. त्यांनी हिप्परगा, कंबर, सिद्धेश्वर आणि उजनी कालवा एवढी चार पाणी दर मोसमात तपासून नमुने आकुर्डीला जमा केले, तर दहा वर्षांत हाती काहीतरी लागेल.

आणि एक नजर परक्या पाहुण्यावर असावी. दक्षिण अमेरिकेतली पोमेशिया १९८०च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये आणली गेली आणि तिथून सुटून आग्नेय आशियातल्या भातशेतीत शिरली. दिसायला ती आपल्या पिलासारखीच. फरक दोन. पोमेशियाचे झाकण शिंगासारखे लवचीक, पिलाचे चुनखडीचे. पिला पांढरी अंडी काठच्या ओल्या मातीतल्या खळग्यात घालते, पोमेशिया कॅनॅलिक्युलाटा पाण्याच्या वर, देठांवर नि भिंतींवर, गर्द गुलाबी घोस चिकटवते. मत्स्यालयातली नको झालेली गोगलगाय तलावात सोडून देणारे लोक सगळीकडे असतात. त्यामुळे सांडव्याच्या भिंतीवर असा गुलाबी घोस दिसला, तर त्याला उघड्या हाताने शिवू नये, अंड्यांत विष असते. फोटो काढून, जागा लिहून तो त्याच दिवशी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्राकडे धाडावा.