कड्याकडेने चिखलदरा

परतवाडा सोडून एसटी घाटाला लागली की दहा मिनिटांत चित्र पालटते. दोन्ही बाजूंची पऱ्हाटी आणि तूर मागे पडते, साग सुरू होतो, खिडकीतून येणारा वारा गार लागतो. अमरावती-अकोल्याच्या माणसाला हा प्रवास लहानपणापासून पाठ असतो. आमच्या घरी तर ‘वर जाऊ’ म्हटले की चिखलदरा, दुसरा अर्थच नसे. सकाळी डबे भरून निघायचे, देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड, पंचबोल अशी ठिकाणे गाडीतून उतरून पाहायची, भाजलेली कणसे खायची आणि दिवेलागणीला परतवाड्यात चहा घ्यायचा. मीही वर्षानुवर्षे चिखलदरा असाच पाहिला.

मग एका हिवाळ्यात पाठीवर पिशवी घेऊन तीन दिवस तिथे पायी फिरलो. वाटाड्या नाही, गाडी नाही. तेव्हा लक्षात आले की इतकी वर्षे मी सुटे सुटे पॉइंट पाहत होतो. त्यांना जोडणारा डोंगर पाहायचा राहूनच गेला होता. तो कसा पाहता येतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

एका बेटाची वाट

पायी सुट्टी घालवण्याची ही रीत स्कॉटलंडमध्ये चांगली रुजली आहे. तिथल्या पश्चिम किनाऱ्याजवळ अरन नावाचे बेट आहे. बोटीने ब्रॉडिक बंदरात उतरायचे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने अख्ख्या बेटाला प्रदक्षिणा घालून पुन्हा ब्रॉडिकलाच यायचे. ही वाट सुमारे 105 किलोमीटरची आहे. लोक ती साधारण आठवडाभरात चालतात. सोबत गट नसतो, पुढे झेंडा धरलेला मार्गदर्शक नसतो. हातात नकाशा, वाटेवर खुणेचे खांब आणि रोज संध्याकाळी वेगळ्या गावात मुक्काम. जड बॅग एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर गाडीने पोहोचवणारी मंडळी असतात. चालणाऱ्याच्या पाठीवर पाणी, शिदोरी आणि पावसाचा कोट एवढेच ओझे.

या वाटेवर ‘राजाची गुहा’ लागते. राजा ब्रूस आणि जाळे विणणारा कोळी ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेली असते. ती घडली म्हणून ज्या जागा दाखवतात त्यांतली ही एक. बेटाच्या उत्तर टोकाला, लोक्रांझा गावाजवळ, जेम्स हटन या भूशास्त्रज्ञाने 1787 मध्ये खडकांचे कललेले जुने थर आणि त्यांच्यावर वेगळ्या कोनात बसलेले नवे थर पाहिले. पृथ्वीचे वय माणसाच्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठे असले पाहिजे, या त्याच्या विचाराला अशा जागांनी बळ दिले. म्हणजे चालणाऱ्याला एकाच वाटेवर दंतकथा भेटते आणि विज्ञानही. दोन्हींसाठी थांबायला त्याच्याजवळ वेळ असतो.

चिखलदऱ्याला समुद्र नाही, पण किनारा आहे. गाविलगडाच्या दक्षिण तटावर उभे राहिले की पायांखाली कडा एकदम तुटतो आणि समोर वऱ्हाडाचे मैदान पसरते, क्षितिजापर्यंत सपाट. पहाटे त्यावर धुके साचलेले असले तर ते मैदान आहे हे स्वतःला बजावावे लागते. त्या सपाटीचा बराचसा भाग आपला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना विहिरीचे पाणी खारे लागते. खाली खारे पाणी आणि वर गोड्या पाण्याचे झरे, अशा दोन मुलखांची सीमा म्हणजे हा कडा.

हा तुटलेला काठ उगाच नाही. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने भूगर्भातला एक मोठा प्रस्तरभंग जातो. भूशास्त्रज्ञ त्याला गाविलगडचेच नाव देतात. त्याच्या उत्तरेला डोंगर उंचावला, दक्षिणेला पूर्णेचे खोरे खचून गाळाने भरत गेले. डोंगराचा दगड मात्र तोच, आपला दख्खनचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. कड्याच्या उघड्या अंगावर आडवे पट्टे दिसतात. मधूनच एखादा तांबूस थर डोकावतो. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळातल्या मातीची ती खूण. हटनला अरनवर जो धडा मिळाला, त्याच जातीचा धडा आपल्या दारात आहे. चालताना मान वर करून पाहिले म्हणजे झाले.

पहिला दिवस: पाण्याच्या मागे

सकाळी गावातून निघावे आणि आधी देवी पॉइंटला जावे. खडकाच्या पोटात देवीचे ठाणे आहे आणि वरच्या खडकातून पाणी ठिबकत असते. चंद्रभागेचा उगम याच परिसरातला. पंढरपूरची नव्हे, ही आपली वऱ्हाडची चंद्रभागा. ती कडा उतरून मैदानात जाते, दर्यापूरवरून वाहते आणि पूर्णेला मिळते. याच डोंगराच्या उत्तर उतारावर पडलेले पाणी मात्र सिपना नदी आणि तिच्या बहिणींच्या वाटेने तापीकडे धावते. पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. म्हणजे डोंगरमाथ्यावर हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला गेलेला, शेकडो किलोमीटर फिरून चांगदेवच्या संगमावर पुन्हा भेटतात. गाडीतून जाताना हा माथा ओलांडलेला कळतही नाही. पायी चालताना पोटऱ्या सांगतात, आता चढ संपला, इथून पाणी दुसरीकडे जाते.

तिथून भीमकुंड. विराटाच्या घरी अज्ञातवासात असलेल्या द्रौपदीवर कीचकाने हात टाकला, भीमाने त्याला मारून दरीत फेकले आणि या कुंडात हात धुतले, अशी कथा आहे. कीचकाचा दरा तो चिखलदरा, असे इथला प्रत्येक माणूस सांगतो. मी गेलो तेव्हा दरीत काहीच दिसत नव्हते. धुके कठड्यापर्यंत भरलेले. खालून पाण्याचा आवाज येत होता, तो कुठल्या बाजूने हेही समजेना. गाडीने आलेली दोन कुटुंबे पाच मिनिटे थांबून, ‘काही दिसत नाही’ म्हणून निघून गेली. मी दगडावर बसून राहिलो. पाऊण तासाने धुक्यात एक फट पडली. आधी समोरच्या कड्यावरचे एक वाळके झाड दिसले, मग त्याखालचा काळा दगड, मग त्या दगडावरून सुटलेली पाण्याची बारीक रेघ. तळ दिसायच्या आत फट मिटली. तेवढ्यावर माझा दिवस भरला.

दुपारी मरियमपूरच्या बाजूला वळावे. ख्रिस्ती मिशनची ही जुनी वस्ती. महाराष्ट्रात कॉफीचे नाव निघाले की चिखलदऱ्याचेच नाव येते. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी ती झुडपे हिवाळ्यात लाल फळांनी लगडतात. हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने 1823 मध्ये हे पठार हेरले, असे थंड हवेच्या या गावाच्या इतिहासात सांगतात. गाव समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. मे महिन्यात अकोला भाजून निघत असते तेव्हा या उंचीची किंमत कळते.

दुसरा दिवस: गाविलगड

गाविलगडाला एक पूर्ण दिवस द्यावा. गावातून किल्ल्यापर्यंतचे अंतर सावकाश पायी जाण्याजोगे आहे. मूळ किल्ला गवळ्यांचा म्हणतात. 1425 मध्ये बहामनी सुलतान अहमदशहा वली याने तो बांधून काढला आणि पुढे इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला इमादउल्मुल्क याने 1488 च्या सुमारास मजबूत केला. दारावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. फतेउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला. तिकडचे हे चिन्ह वऱ्हाडच्या डोंगरात कसे आले, याचा उलगडा त्यातून होतो.

किल्ल्याचे दोन भाग आहेत, बाहेरचा आणि आतला, आणि दोहोंच्या मध्ये घळ. ही घळ स्वतः उतरून चढल्याशिवाय इथली 1803 ची इंग्रज-भोसले लढाई समजत नाही. 29 नोव्हेंबरला अडगावला भोसल्यांची फौज हरली आणि शिबंदी गाविलगडात आली. इंग्रजांच्या बाजूने आर्थर वेलस्ली होता. बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. दक्षिणेचा कडा तोफांना चढण्याजोगा नव्हता. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने धामणगावकडून डोंगराला वळसा घातला आणि सैनिकांनीच वाट फोडत, जड तोफा हातांनी ओढत, सुमारे तीस मैल पार करून किल्ल्याची उत्तर बाजू गाठली. 15 डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून फौज आत शिरली, आणि घळीपाशी अडली. आतल्या तटाला शिड्या लावून चढली ती 94 व्या पलटणीची तुकडी, कॅप्टन कॅम्पबेलच्या हाताखालची. त्या पलटणीचे नावच ‘स्कॉच ब्रिगेड’. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांनी वऱ्हाडचा पश्चिम मुलूख सोडला.

ज्या स्कॉटलंडच्या लोकांकडून आज आपण चालण्याची रीत शिकावी म्हणतो, तिथलीच माणसे सव्वादोनशे वर्षांपूर्वी इथल्या घळीत शिडी घेऊन उतरली होती. त्या घळीच्या तळाशी बसून वरचा तट पाहिला की दोन्ही बाजूंच्या माणसांबद्दल आदर वाटतो आणि मन जड होते. पुढे 1858 मध्ये इंग्रजांनी किल्ल्याची तटबंदी निकामी केली. आता मशिदीच्या कमानींतून वारा फिरतो आणि तलावांवर गुरे येतात.

तिसरा दिवस: माणसांच्या वाटेने

शेवटच्या दिवशी मोथ्याला जावे. हे गवळ्यांचे गाव, दूध आणि खव्यासाठी नावाजलेले. एका अंगणात चुलीवर लोखंडी कढई चढलेली होती. एक बाई लांब दांड्याचा सराटा फिरवत बसल्या होत्या. दूध खाली लागू नये म्हणून तळापासून कडेपर्यंत एकच फेरा, न थांबता. ‘हात थांबला का गेला,’ त्या म्हणाल्या. मला कढईजवळ बसवून त्यांनी पळसाच्या पानावर गरम खवा दिला. साखर नव्हती, लागलीही नाही. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. अर्धा किलो विकत घेतला तेव्हा कुठे समाधान झाले.

वाटेत कोरकूंची गावे लागतात. समोरासमोर घरांच्या दोन ओळी आणि मधून रुंद, झाडून स्वच्छ केलेला रस्ता. कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. ती मुंडा कुळातली, संथाळी आणि मुंडारीची नातलग, आणि त्या कुळाचे हे सर्वांत पश्चिमेकडचे ठाणे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. मृतांच्या नावाने ते सागवानी ‘मुंडा’ उभारतात, त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरतात. असा खांब दिसला तर तो कुणाच्या तरी आजा-पणजाचा आहे हे लक्षात ठेवावे आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नये.

इथले नियम वेगळे

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या माणसाला बहुतेक मोकळ्या जमिनीवरून चालण्याचा हक्क दिला आहे. चिखलदरा ज्या मेळघाटात आहे तिथे तसे नाही आणि तसे असूही नये. 1973-74 मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांतला हा एक. इथे वाघ, अस्वल, गवा यांचा पहिला हक्क आहे. नामशेष झाला असे समजले गेलेला रानपिंगळा 1997 मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा दिसला, आणि मेळघाट हा आज त्याचा मोठा आसरा आहे. म्हणून वाटाड्याशिवाय चालायचे ते फक्त सार्वजनिक रस्त्यांनी, गावांतून आणि किल्ल्याच्या खुल्या भागात. जंगलात शिरणारी पायवाट कितीही मोहात पाडणारी असली तरी सोडावी. वैराटला, म्हणजे इथल्या सर्वांत उंच माथ्यावर, जायचे तर वनखात्याच्या फाटकावर विचारून वाहनानेच जावे.

बाकी तयारी साधी आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. मुंबई-नागपूर मार्गावर बडनेऱ्याला उतरून अमरावती-परतवाडामार्गे एसटीने वर यावे. रात्री थंडी चांगलीच पडते, स्वेटर हवा. पायात पकड असलेले बूट, जवळ दोन लिटर पाणी, शिट्टी, विजेरी आणि कागदी नकाशा, कारण दरीच्या बाजूला मोबाइल दगा देतो. शक्यतो एकट्याने चालू नये. कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकू नये. अंधारापूर्वी मुक्कामी पोहोचावे.

अरनच्या वाटेची खरी कमाई तिथल्या गावांना होते, कारण चालणारा माणूस रोज कुठेतरी जेवतो, झोपतो, काही विकत घेतो. आपल्याकडे सकाळी आलेली गाडी संध्याकाळी परत जाते, मागे प्लास्टिक ठेवून. गाव ते गाविलगड आणि गाव ते मोथा एवढ्या दोन वाटांवर जरी अंतराचे दगड बसले, मराठी आणि कोरकू नावे असलेला एक नकाशा छापला गेला, बॅगा पोहोचवायला गावातल्या तरुणांची सोय झाली आणि चार-सहा घरांनी पाहुण्यांना खोली दिली, तर पुढच्या हिवाळ्यात ही वाट उभी राहू शकते. त्यासाठी नगरपरिषद, वनखाते आणि ग्रामपंचायती यांनी एकदा एकत्र बसावे, अशी त्यांना विनंती.

आणि वाचकहो, तुम्ही तोवर थांबू नका. या दिवाळीनंतर तीन दिवस काढा, गाडी खालीच ठेवा आणि एसटीने वर या. मोथ्यात खवा सकाळीच संपतो, तेवढे लवकर निघा.