हिवाळी युरोप आणि आईवडील

युरोपात नोकरी करणाऱ्या मुलांकडे परभणीसारख्या जिल्ह्यांतूनही आईवडील जाऊ लागले आहेत. नाताळ सरला की पर्यटकांची गर्दी ओसरते, तिकिटे स्वस्त होतात. साहजिकच प्रवास ऐन हिवाळ्यात ठरतो. लक्झेंबर्गचे उदाहरण घ्या. हा देश परभणी जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. 2020 पासून तेथे बस, ट्राम व रेल्वेचा प्रवास मोफत आहे. मात्र जानेवारीत दिवस जेमतेम साडेआठ तासांचा आणि पारा शून्याच्या आसपास असतो.

थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. म्हणून महिनाभर आधी तपासणी करून घ्यावी. औषधे चिठ्ठीसह हातातील सामानात असावीत. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी ठरते. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात जुने आजार समाविष्ट आहेत का, हे अवश्य पाहावे. एका जाड कोटापेक्षा कपड्यांचे थर बरे. बूट न घसरणारे हवेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परदेशातील खर्चाच्या धास्तीने पुष्कळ जण त्रास लपवतात. छातीत दाब, धाप वा घाम जाणवल्यास थंडीला दोष देत थांबू नये. मुलांना तत्काळ सांगावे आणि 112 क्रमांकावर मदत मागावी.