माळावरचा लांब रस्ता आणि निकोडेमस गाव

अमेरिकेत कॅन्सस सिटीहून डेन्व्हरला मोटारीने जायचे म्हणजे सुमारे ९७० किलोमीटरचा पल्ला. त्यातला बराचसा रस्ता कॅन्सस राज्याच्या गवताळ मैदानातून जातो. "नुसते माळरान, पाहायचे काय?" म्हणत लोक तो एका दमात उरकतात. एवढी घाई करू नये.

तासाभरात टोपेका शहर लागते. तेथील मन्रो शाळा एकेकाळी फक्त काळ्या मुलांची होती. ऑलिव्हर ब्राऊन यांच्या मुलीला घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळेने प्रवेश नाकारला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १७ मे १९५४ रोजी सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. आज त्या शाळेत राष्ट्रीय स्मारक आहे.

पुढे फ्लिंट हिल्स. मातीखाली गारगोटीचा दगड, नांगर चालेना. म्हणूनच उंच गवत टिकले. त्यानंतर रस्ता सपाट भासतो, पण राज्याची पश्चिम सीमा येईपर्यंत गाडी नकळत सुमारे ९०० मीटर चढलेली असते. झाडे इतकी थोडी, की काही भागांत शेतकऱ्यांनी कुंपणाचे खांबसुद्धा दगडाचे केले.

एलिस गावाजवळ महामार्ग सोडून उत्तरेला वळावे. १८७७ साली केंटकीतून गुलामगिरीतून सुटलेली माणसे रेल्वेने एलिसला उतरली आणि तेथून सुमारे ५५ किलोमीटर पायी गेली. स्वतःची जमीन, स्वतःचे गाव हवे होते. जाहिरातीत सुपीक भूमीचे वर्णन होते. प्रत्यक्षात काय? १८७८ मध्ये आलेल्या विलियाना हिकमन यांना गाव दिसेना. जमिनीतून धूर निघताना दिसला. लोक जमिनीत खोदलेल्या घरांत राहत होते! त्या बाई रडल्या. काही जण आल्या पावली परत गेले. बाकीचे राहिले. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी त्यांना अन्न दिले. ज्यांची स्वतःची भूमी हिरावली गेली होती, त्यांनी दिले, हे विसरता येत नाही.

गावात शाळा, चर्च, दुकाने, वर्तमानपत्रेही निघाली. पण १८८८ मध्ये रेल्वे नदीपलीकडून गेली, आणि दुकाने तिकडे सरकली. आज मोजकी माणसे आणि पाच जुन्या इमारती उरल्या आहेत. १९९६ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

जुलैअखेर मात्र गाव भरते. दूरदूरच्या शहरांतून नातवंडे-पतवंडे मोटारी हाकत येतात, त्याच माळावरून.