हृदयझडपांच्या विकारांतील रक्तसूचके
हृदयझडपांच्या विकारांतील रक्तसूचके : झडपेतील बिघाडाचा हृदयस्नायूवर किती ताण पडला आहे व विकाराची पुढील वाटचाल कशी होण्याचा संभव आहे, याचा अंदाज ज्यांच्या रक्तातील प्रमाणावरून करता येतो अशी द्रव्ये. यांत बी-प्रकारचे नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, संक्षेपाने बीएनपी, हे हॉर्मोन प्रमुख होय. जपानी शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये ते प्रथम डुकराच्या मेंदूतून वेगळे केले. त्यावरूनच ‘ब्रेन’ हे काहीसे दिशाभूल करणारे विशेषण त्यास चिकटले. वस्तुतः ते मुख्यत्वे हृदयाच्या निलयांत तयार होते. निलयाची भित्ती ताणली गेली की १०८ ॲमिनो अम्लांचे पूर्वद्रव्य निर्माण होते. त्याचे विभाजन होऊन ३२ अम्लांचे क्रियाशील बीएनपी आणि ७६ अम्लांचा निष्क्रिय तुकडा, एनटी-प्रोबीएनपी, रक्तात येतात. हा तुकडा रक्तात अधिक काळ टिकतो.

या मापनाचे खरे महत्त्व महारोहिणी झडपेच्या तीव्र संकोचात दिसते. श्रमाने छातीत दुखणे, भोवळ येणे वा दम लागणे ही लक्षणे एकदा सुरू झाली की, झडप न बदलल्यास रुग्ण सरासरीने दोन ते पाच वर्षेच जगतो, असे रॉस व ब्राउनवॉल्ड यांनी १९६८ मध्ये दाखविले. तेव्हा शस्त्रक्रियेचा निर्णय तेथे अवघड नसतो. अवघड असतो तो लक्षणे नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत. वृद्ध माणूस नकळत जिना टाळतो, चालणे कमी करतो आणि विचारल्यास त्रास नाही असेच सांगतो. अशा वेळी रक्तातील आकडा उपयोगी पडतो. वय व लिंग यांना अनुसरून असलेल्या सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक बीएनपी आढळल्यास आणि शस्त्रक्रियेचा धोका कमी असल्यास, लक्षणांची वाट न पाहता झडप बदलण्याचा विचार करावा, असे २०२० च्या अमेरिकी व २०२१ च्या यूरोपीय मार्गदर्शिकांत म्हटले आहे. यूरोपीय मार्गदर्शिकेत पुन्हा मोजून खात्री करण्याची व वाढीचे दुसरे कारण नसल्याची अटही आहे.

संधिज्वरामुळे होणारा व भारतात बराच आढळणारा द्विदल झडपेचा संकोच मात्र निराळा. त्यात अडथळा डाव्या निलयाच्या अलीकडे असल्याने ताण डावे अलिंद, फुप्फुसे व उजवे निलय यांवर पडतो. म्हणून वरील मोजपट्टी तेथे लावता येत नाही.

वार्धक्य, मूत्रपिंडाचे विकार व अलिंदाचे अनियमित स्फुरण यांत बीएनपी वाढते, तर स्थूल व्यक्तींत ते कमी आढळते. सॅक्युबिट्रिल हे औषध चालू असल्यास बीएनपीऐवजी एनटी-प्रोबीएनपी मोजतात. हृदयस्नायूच्या पेशींना इजा झाल्याचे दर्शविणारे ट्रोपोनिनही या संदर्भात अभ्यासले जाते. यांपैकी कोणतेही द्रव्य प्रत्यक्ष झडपेची स्थिती सांगत नाही. त्यासाठी एकोकार्डिओग्राफीच करावी लागते.