हृदय बदलण्याआधी

बाळ अंगावर पिताना मध्येच थांबून धापा टाकते, कपाळ घामाने डबडबते आणि अंगणवाडीच्या नोंदवहीत वजन पुढे सरकत नाही. घरचे म्हणतात, अशक्त आहे. बालहृदयरोगतज्ज्ञाला मात्र इथे हृदय निकामी होत असल्याची शंका येते. तान्ह्या बाळाला दिवसभरात सर्वाधिक कष्ट पडतात ते दूध ओढायला, म्हणून दमलेले हृदय तिथेच उघडे पडते.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात ही खूण ओळखण्याचे पहिले काम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांचे. २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या या योजनेत अंगणवाड्यांची तपासणी वर्षातून दोनदा, शाळांची एकदा होते. संशयित मूल जिल्हा रुग्णालयात जाते, गरज पडल्यास तिथून साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला.

हजार जन्मांमागे आठ-दहा बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. हृदयाला छिद्र असेल तर ते बुजवता येते. खरी कसोटी लागते ती स्नायूच दुबळा होऊन हृदय फुग्यासारखे ताणले जाते तेव्हा. अशा वेळी तज्ज्ञ प्रत्यारोपणाकडे धावत नाही, आधी सुधारण्याजोगी कारणे शोधतो. ‘ड’ जीवनसत्त्वाअभावी रक्तातले कॅल्शियम घसरले आहे का? हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी चुकीच्या जागी जोडलेली आहे का? ठोके सतत वेगाने पडल्याने स्नायू थकला आहे का? यांपैकी काही सापडले आणि वेळेत उपचार झाले, तर तेच हृदय पुन्हा सावरू शकते.

उरतात ती थोडी मुले. त्यांना छातीत मावेल असे हृदय हवे, आणि ते साधारण चार तासांत नव्या शरीरात धडधडायला हवे. सप्टेंबर २०१७मध्ये सुरतच्या १४ महिन्यांच्या मेंदूमृत बाळाचे हृदय मुंबईला आणून मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात नवी मुंबईच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला बसवले गेले. याच रुग्णालयात त्याआधी दोन वर्षे डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने पुण्याहून आलेल्या हृदयाचे प्रत्यारोपण केले होते. १९६८मध्ये केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलेल्या प्रयत्नानंतर मुंबईला त्यासाठी सत्तेचाळीस वर्षे थांबावे लागले.

मेंदूमृत्यू ठरवण्यासाठी कायद्याने डॉक्टरांचे मंडळ लागते आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. विदर्भात अवयवांचे वाटप नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत होते. पण मूल कोवळे असताना दानाला होकार देणे आईबापांना किती जड जात असेल!

प्रत्यारोपणानंतर तज्ज्ञाचे काम संपत नाही. शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे जन्मभर घ्यावी लागतात, रक्तातली त्यांची पातळी मोजत राहावी लागते. शस्त्रक्रियेत हृदयाचे मज्जातंतू कापले गेलेले असतात, त्यामुळे त्रास सुरू झाला तरी छातीत कळ येईलच असे नाही. मुलांमध्ये तो पोटदुखी किंवा उलटीच्या रूपानेही दिसतो. म्हणून एरवी ओव्याच्या पाण्यावर निभावली असती अशी उलटीही या मुलांच्या बाबतीत लगेच कळवायची असते: गोळी पोटात टिकली का, आणि तक्रार खरोखर पोटाचीच आहे का, हे त्याच दिवशी ठरवावे लागते.