थंड पाणी धो धो, गरम पाणी करंगळीएवढं: गीझरचं नेमकं अडतं कुठं?

डिसेंबरचा महिना. मालवण-तारकर्लीतले होमस्टे फुल्ल. सकाळी स्कुबाला निघायची घाई आणि वरच्या खोलीतून हाक येते, "काका, गरम पाणी येत नाय ओ!" जाऊन बघावं तर गीझरचा दिवा सुरू, पाणीही कडक. फक्त धार बारीक.

पूर्वी न्हाणीतल्या चुलीवर पाणी तापायचं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आता मात्र पाहुण्याचा रिव्ह्यू या धारेवर ठरतो. मग बरेच जण थेट नवा गीझर किंवा प्रेशर पंप आणतात. त्याआधी दोष कुठे आहे ते शोधायला हवं.

आधी बादली लावा

त्याच नळाखाली एकदा थंड आणि एकदा गरम पाण्यानं बादली भरा, वेळ मोजा. दोन्हीला सारखाच उशीर लागला, तर गीझर निर्दोष आहे. टाकीची उंची किंवा मुख्य पाइप तपासा. टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. कौलारू किंवा एकमजली घरात हे अंतर ३ मीटर असेल, तर दाब फक्त ०.३ बार.

थंड जोरात आणि गरमच हळू असेल, तर अडथळा गीझरमध्ये किंवा गरम पाण्याच्या लाइनमध्ये आहे. एकाच नळाला त्रास असेल, तर तो नळच तुंबलाय.

तुंबतं कशामुळे?

पाण्यात विरघळलेले क्षार तापल्यावर पांढऱ्या थरासारखे जमतात. ६० अंशांच्या वर हा थर आणखी वेगानं धरतो. देवबाग ही तर कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होऊ शकतं. खाऱ्या पाण्यानं जुने लोखंडी पाइपही आतून लवकर गंजतात.

काय करायचं?

१. शॉवर काढून गरम पाणी सोडा. धार सुधारली, तर दोष शॉवरचा. तो रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि ब्रशनं घासा.

२. गीझरच्या खालचा थंड पाण्याचा कॉक पूर्ण उघडा आहे का बघा. साफसफाईनंतर तो अर्धवट राहिलेला असू शकतो.

३. तरीही फरक नाही, तर गीझरच्या इनलेटवरचा व्हॉल्व्ह अडकला असेल, टाकीत गाळ साचला असेल किंवा गरम लाइन आतून बुजली असेल. हे काम मेकॅनिकचं.

इथे चूक महागात पडते

हात लावण्याआधी नुसतं बटण नाही, एमसीबी बंद करा आणि पाणी निवू द्या. इनलेटवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून तो कधीच बुजवू नका. पाणी तापलं की प्रसरण पावतं, वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो. ती वाट बंद झाली तर टाकी फुटू शकते.

पंप लावायचाच असेल, तर गीझरच्या पट्टीवर लिहिलेला कमाल दाब आधी वाचा. पंपाचा दाब त्यापेक्षा कमीच हवा. आणि पाइप तुंबलेला असेल तर पंपानं अडथळा जात नाही, जोडांवर ताण मात्र वाढतो.

तापमान ५५ ते ६० अंशांवर ठेवा आणि वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्या. त्यासाठी पावसाळ्याचे दिवस बरे, तेव्हा खोल्या तशाही रिकाम्या असतात.